फळीचं मागचं टोक

१२ जून

मामा, नमस्कार.

तुम्ही लेकीकडे राहायला जाऊन आज शंभर दिवस झाले. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तुम्ही "खरखर येतेय रे" म्हणून ठेवून दिलात. माझाही आवाज हल्ली बसलेला असतो. तेव्हा पत्रच बरं. पत्रात चुकलं तर दुसरा कागद घेता येतो. हा तिसरा कागद आहे.

कारखाना ठीक आहे. तुमच्या बाकावर मी कापड टाकून ठेवलंय, कारण पॉलिशवाला त्यावर डबे ठेवायला लागला होता. मी त्याला म्हटलं, "हा मामांचा बाक आहे." तो म्हणाला, "मग मामांना सांग, येऊन डबे उचला." वाईट मनानं नाही म्हणाला. त्याला तुमच्याशिवाय करमत नाही, एवढंच.

आता कानाचं. आईनं तुम्हाला "बरा आहे" असं कळवलंय ते पूर्ण खरं नाही. जखम मार्चमध्येच भरली. पण एप्रिलमध्ये कान पुन्हा सुजला, लालभडक झाला आणि उशीला टेकवता येईना. औषधाचे तीन कोर्स झाले. मे महिन्यात डावा कानही तसाच झाला. डाव्याला तर काही लागलंच नव्हतं. मग आईनं मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांच्या पाळ्या चिमटीत धरल्या आणि म्हणाल्या, "वरचा सगळा कान लाल, पाळी मात्र कोरी. जंतूंना एवढी शिस्त नसते."

त्यांचं म्हणणं असं, की कानात कूर्चा असते, म्हणजे हाडाहून मऊ आणि मांसाहून कडक अशी वस्तू. नाकातही असते, श्वासनळीच्या कड्याही तिच्याच. पाळीत ती नसते. एक दुर्मीळ आजार आहे, त्यात अंगातली राखण करणारी फौज चुकून आपल्याच कूर्चेवर तुटून पडते. तो आहे असं अजून नक्की नाही. कानाचा तीळभर तुकडा तपासायला घेतलाय.

त्यांनी मला पहिल्या दिवसापासूनचं सगळं तारखेनिशी लिहून आणायला सांगितलं. मी जे लिहिलं ते तुम्हालाही दाखवतो, चुकलं असेल तर दुरुस्त करा:

"३ मार्च. सकाळी साडेदहा. बारा फुटी फळी आतल्या खोलीत नेत होतो. पुढचं टोक मामांकडे, मागचं माझ्याकडे, फळी डाव्या खांद्यावर. कोपऱ्यावर खांब आहे. आमचा नियम असा, की मागच्याला अडचण दिसली तर त्यानं 'थांबा' म्हणायचं. गप्प राहिला तर पुढच्यानं वळायचं. मी 'थांबा' म्हणालो. मामा वळले. फळीनं माझं डोकं खांबावर दाबलं. उजवा कान खांब आणि डोकं यांच्यामध्ये सापडला."

एकच विचारायचं आहे. माझी हाक तुम्हाला ऐकू आली होती का? थोडीशी तरी?

तुमचा भाचा

&nbsp;

२० जून

मोजपट्टी,

तुझं पत्र आलं. अक्षर असं, की मला वाटलं सरकारी नोटीस आली.

हाक ऐकू आली नाही. माझं लक्ष नव्हतं. डोक्यात त्या कपाटाची मापं घोळत होती. चूक माझी, यात तपासण्यासारखं काही नाही. दुरुस्ती एकच: फळी बारा फुटी नव्हती, साडेअकरा होती. तू एवढा मोजणारा आणि हे चुकलास?

माझी लेक औषधांच्या दुकानात काम करते हे तुला माहीत आहे. तिला तुझं पत्र वाचायला दिलं. मी नको म्हणत असताना तिनं कुणाकुणाला विचारलं आणि येऊन मला सांगितलं, की मार लागल्यावर हा आजार उठलेली माणसं आहेत. तिला वाटलं मला माहिती मिळाली तर बरं वाटेल. पोरगी हुशार आहे, पण बापाच्या बाबतीत नाही.

म्हणजे कान चेचला तेवढ्यावर भागलं नाही. वीस वर्षांच्या पोराच्या अंगात मी आयुष्यभराचं दुखणं घालून दिलं. चाळीस वर्षं हातात धार घेऊन काम केलं, कुणाचं नख तुटू दिलं नाही. आणि सख्ख्या बहिणीचा मुलगाच सापडला.

मी हत्यारं ठेवली ती ठेवली. मालकाला निरोप धाडलाय, बाक दुसऱ्या कुणाला द्यायचा तर देऊन टाका. मोठा रंधा तुझ्यासाठी ठेवायला सांगितलाय. त्याचं पातं ओल्या हातानं धरू नकोस.

औषध वेळेवर घे.

मामा

&nbsp;

१ जुलै

मामा, नमस्कार.

फळी साडेअकरा फुटीच होती. जाऊन मोजली. तुमचं बरोबर, माझं चूक. दवाखान्यातल्या कागदावरही खोडून दुरुस्त केलं.

तुकड्याचा निकाल आला. आजार तोच आहे.

तुमच्या पत्रातलं मी डॉक्टरीणबाईंना जसंच्या तसं विचारलं. "मार लागल्यामुळे हे झालं का?" त्या लगेच उत्तर देत नाहीत. आधी चष्मा काढतात. म्हणाल्या, "काही रुग्णांत मार लागल्यावर सुरू झाल्याची नोंद आहे. चेचलेल्या कूर्चेचे कण रक्तात मिसळतात आणि फौज बिथरते, असा एक अंदाज आहे. पण अंदाजच. कानाला मार लागलेली माणसं हजारो, त्यांना काही होत नाही. ठिणगीनं आग लागायला वाळलेलं गवत आधी असावं लागतं."

मी विचारलं, "म्हणजे हो की नाही?"

"म्हणजे मला माहीत नाही. आणि ज्याला ठामपणे माहीत आहे त्याचं ऐकू नकोस."

मग मी लेकीचं नाव न घेता म्हटलं, "औषधांच्या दुकानातल्या एकीला माहीत आहे." त्या हसल्या.

तुम्ही माहिती विचारलीत म्हणून नाही, तर तुम्हाला झोप यावी म्हणून हे एवढं लिहिलंय. बाक देऊन टाकू नका. मालक म्हणतात महिनाअखेरपर्यंत थांबतो. नवा कारागीर ऑगस्टमध्ये येणार आहे, त्याला जागा हवी.

नाकाचा दांडा थोडा दुखतो. गळ्यावर पुढून दाबलं तर तिथेही दुखतं. बाईंनी विचारलं, आवाज कधीपासून बसलाय? मी सांगितलं, एप्रिलपासून. त्यांनी लिहून घेतलं. श्वासाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, गर्दी फार असते.

मी ओरडलो होतो हे मात्र खरं आहे, मामा. सगळी ताकद लावून ओरडलो होतो. तुम्ही एकदा म्हणालात की लक्ष नव्हतं. फक्त लक्ष नव्हतं, एवढंच ना?

तुमचा भाचा

&nbsp;

९ जुलै

मोजपट्टी,

एवढंच नाही. तू विचारतोस तसं माझी आई विचारायची. उत्तर मिळेपर्यंत उठायची नाही.

मला दोन वर्षांपासून नीट ऐकू येत नाही. करवतीच्या मशीनशेजारी चाळीस वर्षं काढल्यावर येणार तरी कसं? समोरचा बोलतो तेव्हा मी त्याच्या ओठांकडे बघतो. पॉलिशवाल्याला मिशा आहेत, त्याचं निम्मं समजत नाही, म्हणून मी त्याच्या सगळ्याच बोलण्यावर हसायचो. त्याला वाटायचं माझं त्याच्यावर प्रेम आहे. फोनवर खरखर वगैरे काही येत नाही. फोनवर काहीच येत नाही.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मशीनपाशी उभं राहू दिलं नसतं.

आणि फळीचं पुढचं टोक! पुढच्याला मागचा दिसत नाही. त्याला फक्त कान असतात. मी ते नसताना पुढं उभा राहिलो. तू ताकद लावून ओरडलास, शेजारी उभ्या चौघांनी तुला ओरडताना पाहिलं, आणि मी वळलो. याचा अर्थ एकच होतो आणि तो मी त्याच दिवशी लावला. म्हणून गाव सोडलं. तुझ्या डॉक्टरीणबाईंचं गवत आणि ठिणगी मला कळलं. पण ठिणगी टाकणाऱ्यानं गवताला दोष देऊ नये.

बाकाचं ठरलं आहे. पुन्हा विचारू नकोस.

मामा

&nbsp;

२ ऑगस्ट

मामा, नमस्कार.

हे दवाखान्यातून लिहितोय. खाटेवर आहे, पण बसून लिहितोय, घाबरू नका. आईला मीच सांगितलं होतं, की तुम्हाला कळवू नको, मी कळवीन. सगळं ओळीनं सांगतो. मध्येच रागावून पत्र ठेवू नका, शेवटपर्यंत वाचा.

मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. डॉक्टरीणबाईंपासूनही.

माझा आवाज एप्रिलपासून बसला नव्हता. २० फेब्रुवारीपासून बसला होता. माझ्या कामाच्या वहीत आहे. २२ तारखेला लिहिलंय: "पॉलिशवाल्याला दारातून हाक मारली, ऐकू गेली नाही. म्हणाला, कोंबडा गिळलास काय?" २६ तारखेला: "घसा तसाच. गुळण्या केल्या." मला वाटलं पॉलिशच्या वासानं झालंय. मालकांना कळलं तर ते मला आतून काढून बाहेर सामान उतरवायला लावतील आणि तुमच्या हाताखालचं शिकणं बंद होईल, म्हणून मी कमी बोलायला लागलो. तुम्ही एकदा म्हणालातही, "मोजपट्टी शहाणी झाली, गप्प असते." तुम्हाला मुळात ऐकू येत नव्हतं हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्या तोंडून आवाज निघत नव्हता हे तुम्हाला माहीत नव्हतं.

३ मार्चला मी सगळी ताकद लावली. तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि नुसती हवा बाहेर आली. ते मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर रक्त पुसताना सगळे विचारायला लागले, "ओरडला का नाहीस?" मी म्हटलं, "ओरडलो." ते खोटं नव्हतं. पण ते खरंही नव्हतं. मग सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही खाली बघितलंत. मला वाटलं दोन दिवसांत सांगू. तुम्ही निघून गेलात.

तुमचं ९ तारखेचं पत्र मला १३ ला मिळालं. ते मी चार वेळा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन मशीन बंद करायला सांगितलं. मशीन बंद झालं की सगळे वर बघतात. मी एका कागदावर सगळं लिहून नेलं होतं, पण वाचायला आवाजच नाही. म्हणून पॉलिशवाल्याच्या हातात दिला. त्यानं मोठ्यानं वाचला. मध्ये मध्ये अडखळला.

वाचून झाल्यावर त्यानं कागद घडी घालून मला परत दिला. मग मालक पॉलिशवाल्याला म्हणाले, "तू खांबापासून किती लांब होतास?"

"चार हातांवर."

"तुला ऐकू आलं होतं?"

तो जरा वेळ मिशा चावत राहिला. म्हणाला, "तोंड उघडलेलं दिसलं. ऐकू आलं असं कसं सांगू? मशीन चालू होतं. मला वाटलं, आलं असेल."

"तोंड उघडलेलं दिसलं," मालक म्हणाले. "म्हणजे तुम्ही चौघांनी पाहिलं आणि तेवढ्यावर म्हाताऱ्याला घरी बसवलं."

"म्हातारा कुणाला म्हणता?" पॉलिशवाला म्हणाला. "ते स्वतःच गेले." पण त्याचा चेहरा पडला होता.

तिथून मी थेट दवाखान्यात गेलो. नंबर नव्हता. बाहेरच्या माणसाला कागद दाखवला: "मी डॉक्टरांना चुकीची तारीख सांगितली आहे." त्यानं तो वाचला आणि मला आत सोडलं. बाईंनी चष्मा काढला नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला जिना चढायला लावला. एकच मजला. वर पोचलो तेव्हा श्वास शीळ घातल्यासारखा वाजत होता. त्याच दुपारी फोटो काढला, एकदा श्वास घेऊन आणि एकदा सोडून. श्वासनळी एका जागी अरुंद झाली आहे, आणि श्वास सोडताना आणखी दबते.

त्या म्हणाल्या, "पाच महिने घशाशी चाललंय आणि तू मला कान दाखवत बसलास?"

मी लिहून दिलं: "दुसऱ्या कुणाला दोष लागत होता, तो माझ्यावर येईल म्हणून."

त्यांनी तो कागद फाइलमध्ये लावला. म्हणाल्या, "आणखी महिनाभर गप्प बसला असतास तर दोष घ्यायला उरला नसतास."

औषध मोठ्या मात्रेत चालू झालंय. तोंड सुजून भोपळा झालंय, भूक राक्षसासारखी लागते, पण शीळ कमी झाली आहे. कानांची लाली चौथ्या दिवशी उतरली. मी रोज तीन वेळा श्वास मोजून लिहितो. गोळी आपल्या मनानं एक दिवसही बंद करायची नाही, हे मोठ्या अक्षरात खाटेशी लावलंय. बाई म्हणतात, हा आजार जातो, येतो, पुन्हा जातो. आपण दारावर पहारा ठेवायचा. तो मला जमेल.

आता तुमचं. मी बाईंना पुन्हा विचारलं, फळीमुळे झालं का? त्या म्हणाल्या, आता तर सांगणं आणखी अवघड. घशातली सुरुवात आधीची दिसते. त्यानंतर कान चेचला म्हणून फौज कानाकडे वळली असेल, किंवा कान तसाही सुजायचाच असेल. कुणीच शपथेवर सांगू शकणार नाही. पण मामा, तारखांचं मी सांगू शकतो. २० फेब्रुवारी आधी येते आणि ३ मार्च नंतर. फळीनं आजार आणला नाही. आजारानं फळी आणली.

तुमचा बाक कुणाला दिलेला नाही. नव्या कारागिराला मालकांनी खिडकीकडची जागा दिली.

आता काय रागवायचं ते रागवा.

तुमचा भाचा

&nbsp;

८ ऑगस्ट

गाढवा,

पत्र लेकीनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणजे इतक्या मोठ्यानं, की शेजारचे दार उघडून ऐकत होते. सगळ्या गल्लीला आता तुझी श्वासनळी पाठ आहे.

आधी खूप रागावलो. तुझ्यावर, की पाच महिने घसा दाबून बसलास. कान गेला तरी माणूस जगतो, श्वास गेला तर कशावर रंधा मारणार? मग स्वतःवर. कारण मीही तेच केलं. तू मुका होऊन लपवत होतास, मी बहिरा होऊन लपवत होतो, आणि दोघं मिळून साडेअकरा फुटांची फळी वाहत होतो. देवानं जोडी काय जमवली!

तारखांनी तू मला सोडवायला बघतोस. मी सुटत नाही. तुझा आवाज खणखणीत असता तरी त्या दिवशी मला ऐकू आला असता का, हे तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. आणि माझे कान तरुण असते तरी तुझी नुसती हवा ऐकू आली नसती. एकमेकांच्या पाटीवरचं पुसत बसलो तर दोघांच्या पाट्या कोऱ्या होणार नाहीत. तेव्हा ते राहू दे.

पण मी तीन दिवस दुसराच विचार करतोय. दोष कुणाचा हे सोड, दोष कशाचा ते बघ. 'गप्प म्हणजे चालू' हा नियम केला कुणी? मी. माझ्या उस्तादानं मला दिला, मी तुला दिला. नियम असा पाहिजे, की मागचा मेला, मुका झाला, घाबरला, तरी फळी जागची हलणार नाही. मागच्याकडून काही आलं नाही तर थांबायचं. आम्ही चाळीस वर्षं उलटं चालवलं आणि काही झालं नाही म्हणून त्याला शहाणपण म्हणत आलो.

काल लेकीबरोबर कानाच्या डॉक्टरकडे गेलो. उजवा गेल्यात जमा आहे, डाव्याला यंत्र लावून चालेल म्हणतात. पंधरा दिवसांनी मिळेल. मला ते लावायची लाज वाटत होती. लेक म्हणाली, "भाच्यानं भर कारखान्यात कागद वाचायला दिला, तुम्हाला बोंडाएवढं यंत्र लावायला लाज?" बापाच्या बाबतीतही ती कधी कधी हुशार असते.

पण यंत्र असलं तरी करवतीच्या आवाजात माझा भरवसा नाही. आणि तुझ्या आवाजाचा तुझ्या बाईंना भरवसा नाही. मग हाक कशी द्यायची? तू मोजणारा आहेस. शोध.

मामा

&nbsp;

१९ सप्टेंबर

मामा, नमस्कार.

शोधलं.

मी गेल्या आठवड्यापासून कारखान्यात आहे, अर्धा दिवस, तोंडाला जाड पट्टी बांधून, पॉलिशच्या खोलीपासून लांब. औषधाची मात्रा थोडी उतरली. बाईंनी सोबत दुसरं औषध दिलंय. आवाज परत आलाय, पण फुटक्या भांड्यासारखा. बाई म्हणाल्या, एवढाच राहील कदाचित. मी म्हटलं, चालेल. सांगायचं ते सांगून झालंय.

आता हाक. पहिल्याच दिवशी मी एक फळी हातात धरून तिला कान लावून बसलो होतो. बऱ्या झालेल्या कानाला लाकूड टेकवलं तर दुखतं का ते बघत होतो. दुखलं नाही. तेवढ्यात पॉलिशवाल्यानं दुसऱ्या टोकाला डबा ठेवला आणि तो ठोका माझ्या तळहातात आला. नुसता कानात नाही, तळहातातही. मशीन चालू होतं.

मग मी मशीन चालू ठेवूनच तपासलं. पॉलिशवाल्याच्या दोन्ही कानांत कापूस घातला, त्याला पुढच्या टोकाला उभं केलं आणि मागून बोटाच्या पेरानं दोन ठोके दिले. दोन ठोके म्हणजे वळा. काही नाही म्हणजे थांबा. चाळीस वेळा केलं, मध्ये मध्ये मुद्दाम ठोकलं नाही. साग, पाइन आणि प्लायवूड, तिन्ही. साग आणि पाइनमध्ये एकदाही चुकला नाही. प्लायवूडमध्ये दोनदा ठोका कळला नाही, पण तेव्हा तो थांबून राहिला. म्हणजे चूक झाली ती थांबण्याच्या बाजूला झाली. मला तेच बघायचं होतं.

तो म्हणाला, "मामांना सांग, आता माझ्या मिशांची भीती नाही." तुमचं ९ जुलैचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं हे मी लपवणार नाही. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही आणि दुसऱ्या दिवशी मिशा कातरून आला. अगदी नाही, ओठ दिसतील एवढ्या.

मालकांनी नियम खांबावर लिहायला सांगितला. मीच लिहिला, शुद्ध आणि ठळक. ज्या जागी माझा कान सापडला होता, बरोबर त्या उंचीवर. जमिनीपासून पाच फूट दोन इंच.

माझा आजार परत येईल. बाई तसं स्पष्ट सांगतात. आला की मी त्याच दिवशी, खरी तारीख घेऊन, त्यांच्याकडे जाणार आहे. तेवढं माझ्या हातात आहे आणि ते मी सोडणार नाही.

बाकावरचं कापड काढलं. डबे उचलले. कपाटाचं काम तुम्ही सोडलंत तिथेच आहे, बाजूच्या फळ्या आतल्या खोलीत न्यायच्या आहेत. मी दुसऱ्या कुणाबरोबर नेल्या नाहीत.

पुढचं टोक तुमचं. मागे मी आहे. मी ठोकल्याशिवाय वळू नका.

तुमचा भाचा